वाड्यातले बिऱ्हाड

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीला रायपूरच्या आधी सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव लागते. गाव एके काळी संस्थानाचे. तेही जगावेगळे, कारण इथले राजे बैरागी महंत. सुरुवातीच्या काळात गादी मुलाकडे न जाता शिष्याकडे जायची! शेवटचे राजे दिग्विजयदास यांच्या नावाने १९५७ साली इथे कॉलेज निघाले आणि ते भरू लागले थेट राजवाड्यात. एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढासागर, आणि दोन्ही तळ्यांच्या मध्ये वाडा.

या वाड्यात १९५८ च्या जुलैत हिंदीचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. वय चाळीस. सोबत पत्नी शांताबाई, मुलेबाळे, पुस्तके आणि थोडेफार कर्ज. नाव गजानन माधव मुक्तिबोध.

मराठी वाचकाला मुक्तिबोध म्हटले की आधी आठवतात ते शरच्चंद्र. ‘नवी मळवाट’चे कवी, ‘क्षिप्रा’चे कादंबरीकार. गजानन माधव त्यांचे थोरले बंधू. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी धाकट्याने मराठीत लिहिले आणि थोरल्याने हिंदीत. घराणे मूळचे जळगावकडचे. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तिकडचेच झाले. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. फौजदाराच्या घरातल्या मुलांना दर काही वर्षांनी सामान बांधायची सवय असतेच, पण गजानन माधवांची ती सवय पुढेही सुटली नाही. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर अशी गावे झाली. कुठे शाळेत शिकवले, कुठे मासिकात काम केले. मग नागपुरात दहा वर्षे काढली. तिथे माहिती खाते, आकाशवाणी आणि शेवटी ‘नया खून’ नावाचे साप्ताहिक. मध्येच पस्तिशीच्या आसपास एम. ए. केले. प्राध्यापकाची जागा मिळायची तर ते हवेच होते. प्रत्येक गावात भाड्याची खोली, आणि घरमालक म्हणजे कायम टांगती तलवार.

असा माणूस राजवाड्यात राहायला गेला.

अर्थात राजवाडा म्हणजे झुंबरे आणि गालिचे असे कोणी समजू नये. कॉलेजच्या मागच्या बाजूला, जुन्या दरवाजालगतचा वरचा भाग त्यांना राहायला मिळाला. आत एक गोल फिरत वर जाणारा जिना. खिडकी उघडली की समोर पाणी. कवीला याहून काय हवे, असे कोणीही म्हणेल. पण शांताबाईंच्या बाजूनेही जरा पाहावे. राजवाडे राजांसाठी बांधलेले असतात, चार-दोन खोल्यांच्या संसारासाठी नव्हे. उंच छताच्या खोल्यांत वैशाख सुसह्य होतो खरा, पण पौषात हुडहुडी भरते. दिव्याचा उजेड कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. लहान मुलांचे घर आणि दोन्हीकडे तळी! फिरत्या जिन्यावरून खाली-वर करताना संसाराचे किती सामान सांभाळावे लागते, ते करणारीलाच ठाऊक. साहित्याच्या इतिहासात याच्या नोंदी नसतात. तरीही घरमालकाच्या तगाद्याखाली वर्षे काढलेल्या कुटुंबाला हे घर मोठेच वाटले असणार.

मराठी माणसाचे बिऱ्हाड छत्तीसगडात नवे नव्हते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथवर पोचली आणि तिच्यामागून मराठी कुटुंबे आली. रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत ती रुजली. (पारा म्हणजे आपल्याकडची आळी.) पुढे १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले तेही एका मराठी माणसाने, माधवराव सप्रे यांनी. तेही शिक्षकच, पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायला गेले होते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले ते याच सप्र्यांनी. म्हणजे परक्या मुलखात शिकवायला जायचे आणि तिथल्याच भाषेचे होऊन जायचे, ही वाट मुक्तिबोधांच्या आधीच मळलेली होती.

परमुलखातल्या मास्तराला मिळालेले जुने घर म्हटले की साहित्यात आणखी एका घराचे नाव निघते. ते पार जपानात, मात्सुए गावी आहे. लाफकाडिओ हर्न हा आयरिश बापाचा आणि ग्रीक आईचा मुलगा. वयाच्या चाळिशीतच, १८९० साली तो या गावी शाळेत इंग्रजी शिकवायला आला. पुढल्या वर्षी किल्ल्याच्या खंदकाकाठचे एका सामुराईचे जुने घर त्याने भाड्याने घेतले. जमिनीवर गवती चटया, भिंतींच्या जागी सरकती कागदी दारे, तीन बाजूंना बाग, बागेत तळे आणि तळ्यात बेडूक. खुर्ची-टेबलाची सवय असलेल्या माणसाने तिथे मांडी घालून बसायचे! हर्नचा एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू. कागद डोळ्यांजवळ यावा म्हणून तो मुद्दाम उंच केलेल्या टेबलावर लिहायचा. त्या घरातली त्याची पत्नी सेत्सु ही सामुराई घराण्यातली. तिच्या तोंडून ऐकलेल्या भुताखेतांच्या गोष्टी पुढे त्याने जगाला सांगितल्या. गंमत म्हणजे त्या घरात तो राहिला जेमतेम पाच-सहा महिने. मात्सुएची थंडी सोसेना, म्हणून १८९१ च्या नोव्हेंबरात कुमामोतोला गेला. पण गावाने ते घर अजून जपले आहे, आणि शेजारीच त्याचे संग्रहालय आहे.

हर्न आपल्या घराच्या प्रेमात पडला आणि बागेवर त्याने पानेच्या पाने लिहिली. मुक्तिबोधांचे तसे नव्हते. त्यांना घरातला अंधारही दिसायचा. राजनांदगावात आलेल्या पाहुण्याला लोक हमखास सांगतात की मुक्तिबोधांचा ब्रह्मराक्षस इथल्याच तळ्यातून आणि जिन्यातून निघाला. ऐकायला छान वाटते, पण तारखा जुळत नाहीत. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ ही त्यांची गोष्ट १९५७ सालीच ‘नया खून’मध्ये छापून आली होती, आणि तिच्यातही एक मोठी हवेली आणि तिचे जिने आहेत. म्हणजे घर आधी कागदावर आले आणि राहायला नंतर मिळाले. नागपुरात सुरू केलेली ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता मात्र राजनांदगावात पुरी झाली. तिच्यातल्या काळोख्या खोल्यांत कोणीतरी सतत फिरत असते, दिसत मात्र नाही. रात्री वाड्यात, दोन तळ्यांच्या मध्ये, बिडी ओढत ती कविता पुन्हा पुन्हा लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर आणून पाहावा.

लिहायला निवांतपणा मिळाला तो इथेच. ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हे पुस्तक १९६१ मध्ये आले. कॉलेजात सहकारी होते पदुमलाल पुन्नालाल बख्शी, म्हणजे एके काळचे ‘सरस्वती’चे संपादक. पण निवांतपणाला दृष्ट लागली. पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’वर मध्यप्रदेश सरकारने १९६२ साली बंदी घातली. पुस्तकाविरुद्ध मोर्चेबिर्चे झाले. चार पैसे मिळायची आशा होती तीही गेली, आणि मनाला जो घोर लागला तो वेगळाच. छप्पर डोक्यावर असले तरी सगळेच काही छपराखाली मावत नाही.

१९६४ च्या फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळच्या रुग्णालयात आणि मग दिल्लीला हलवले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत ते गेले, तेव्हा वयाची सत्तेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी छापून आला, पण त्यांच्या हाती पडला नाही. ज्या घराने आयुष्यात पहिल्यांदा स्वस्थता दिली, ते जेमतेम सहा वर्षांत सुटले. पुढे कुटुंब रायपूरला स्थिरावले.

आज त्या जागी मुक्तिबोधांचे स्मारक आहे. बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या राजनांदगावच्या आणखी दोन साहित्यिकांच्या आठवणीही तिथे मांडल्या आहेत. रायपूरहून सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारपर्यंत सारे पाहून परत येता येते. तो फिरता जिना मात्र चुकवू नये.

या घराची आणखी एक देणगी सांगायला हवी. सुटीत गावी आलेला, शेतकी कॉलेजात शिकणारा एक संकोची तरुण कविता घेऊन मुक्तिबोधांकडे जायचा. त्यांनीच त्या कविता श्रीकांत वर्मांच्या ‘कृति’ मासिकाकडे पाठवल्या आणि त्या छापून आल्या. हा तरुण म्हणजे विनोदकुमार शुक्ल. पुढे ते रायपूरच्या कृषी विद्यापीठात शिकवत राहिले, रायपूरचेच झाले, आणि २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. १९९७ साली आलेल्या त्यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीचा नायक आहे छोट्या गावातल्या कॉलेजात गणित शिकवणारा प्राध्यापक. नवे लग्न आणि भाड्याची एकच खोली. जायला-यायला ऑटोरिक्षा, आणि कधी कधी चक्क एका साधूचा हत्ती! पण त्या खोलीच्या भिंतीत एक खिडकी आहे. तिच्यातून नवरा-बायको पलीकडे उतरले की झाडे लागतात, तळे लागते, आणि एक म्हातारी त्यांना चहा करून देते.