आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

जुनी गाडी मिसिंग करायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. आधी प्लग बदलले जातात. चार दिवस बरे वाटते आणि झटके परत सुरू होतात. मग प्लगच्या वायरी, मग कॉइल, मग पेट्रोलपंप. दर वेळी कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, "हेच असणार." पैसे जातात आणि इंजिन धडधडतच राहते. जुन्या ओम्नीवर ज्यांचा भाजीचा किंवा दुधाचा धंदा चालतो, त्यांना हा अंदाजपंचे खर्च परवडणारा नाही. म्हणून कळकळीने सांगतो, कुठलाही पार्ट बदलण्याआधी मिस्त्रींना एकच प्रश्न विचारा: नेमका कोणता सिलिंडर चालत नाही?

मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाला तीनच सिलिंडर आहेत. एक बंद पडला की एक तृतीयांश ताकद गेली. उभी गाडी थरथरते आणि चढावर जीव सोडते. बंद सिलिंडर ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून प्लगच्या कॅप एकेक करून काढतात. चालत्या सिलिंडरची कॅप काढली की इंजिन आणखी अडखळते. जी काढून काहीच फरक पडत नाही, तिथे दोष. हे घरी करून बघू नका, त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. इंजेक्टरच्या गाडीत कॅपऐवजी इंजेक्टरचे कनेक्शन काढायला सांगा. कॅप काढली तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग खराब होतो. चालत्या गाडीत इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर हेच नुकसान सुरू झालेले असते. तशा गाडीने घाट चढू नका.

ज्या गाड्यांना स्कॅनर लागतो, त्यांत काम सोपे. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरपुरता नाही. पण कोड फक्त जागा सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०२ दिसला म्हणून लगेच नवी कॉइल घेऊ नका. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची पहिल्यावर लावा आणि गाडी फिरवून आणा. कोड बदलून पी०३०१ झाला तर कॉइल खराब. तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. प्लगचीही अशीच अदलाबदल करता येते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

काढलेला प्लग फेकण्याआधी उजेडात नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर नीट जळतो आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगीच पडत नाही. ऑइलने माखला असेल तर नवा प्लगही काही दिवसांत तसाच होणार, कारण ऑइल रिंगांतून नाहीतर व्हॉल्व्हच्या बाजूने उतरते आहे.

मिसिंग कधी होते, हेही मिस्त्रींना सांगा. फक्त पावसाळ्यात सकाळी होत असेल तर डिलकोच्या कॅपमध्ये ओल किंवा बारीक तडा असतो, वायरींचे रबरही चिरलेले असते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर ठिणग्या वायरीबाहेर उडताना दिसतात. उभ्या गाडीत होते आणि रेस दिली की जाते, असे असेल तर कुठूनतरी जादा हवा आत शिरत असते: मॅनिफोल्डचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा फाटका पाइप.

सीएनजी किट बसवलेल्यांनी पुढचे जास्त लक्ष देऊन वाचावे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे थकलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. गाडी दोन्हींवर चालवून बघा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर प्लग, वायरी, मग गॅसचा फिल्टर आणि रेड्यूसर, असे जा. दोन्हींवर असेल तर टॅपेट तपासा. बरीच वर्षे गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजते आणि टॅपेटचा गॅप हळूहळू संपतो. मग व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. सैल टॅपेट खडखडतात, म्हणून सगळ्यांच्या लक्षात येतात. घट्ट झालेले गप्प असतात, इंजिन उलट शांत वाटते, आणि म्हणून वर्षानुवर्षे कोणी तिकडे बघत नाही. टॅपेट सेटिंग स्वस्त आहे. ते इंजिनचे काम काढण्याआधी व्हायलाच हवे.

एवढ्याने भागले नाही तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. गेज लावून तिन्ही सिलिंडरचे आकडे काढायला मिस्त्रींना फार वेळ लागत नाही. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडले असतील आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर गॅस्केटचा संशय आणखी पक्का. हेड उघडायला होकार देण्याआधी हे आकडे कागदावर लिहून मागा. तिन्ही पुरेसे आणि समसमान असतील तर हेड उघडू देऊ नका. दोष ठिणगीत आहे किंवा पेट्रोल-हवेत, आणि तो बाहेरूनच सापडेल.