ताप उतरला, जंतू गेले का?

कर्नाटकात बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले इथल्या कारखान्यांत आणि बांधकामांवर देशभरातून मजूर येतात. त्यांत ओडिशा-झारखंडसारख्या हिवतापग्रस्त राज्यांतलेही असतात. रक्तात हिवतापाचा फाल्सिपेरम हा जंतू आढळला की त्यांना आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइनचा तीन दिवसांचा संयुक्त उपचार मिळतो. ताप उतरतो, माणूस कामावर रुजू होतो, कंत्राट संपताच दुसऱ्या गावी जातो.

औषधाची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. औषधाच्या परिणामकारकतेच्या अभ्यासात जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे पहिले तीन दिवस रोज, मग 7, 14, 21 आणि 28व्या दिवशी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे. जंतू पुन्हा दिसले, तर ते जुनेच उरलेले की नव्या डासाने दिलेले, हे पीसीआर चाचणीने ठरवायचे. 10 टक्क्यांहून अधिक रुग्णांत औषध फसले, तर ते बदलणे भाग असते.

याआधी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोक्विनला फाल्सिपेरम दाद देत नसल्याची देशातील पहिली नोंद 1973 मध्ये आसामात झाली. देशभर संयुक्त उपचार लागू व्हायला 2010 उजाडले. मधल्या काळात किती रुग्णांना निकामी गोळ्या मिळाल्या असतील! गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्याला तो विलंब पुन्हा परवडणार नाही.

सतत गाव बदलणारा मजूर 28 दिवस सापडणे सर्वांत कठीण, आणि तोच अभ्यासातून गळतो. ठेकेदारांनी तपासणीच्या दिवशी त्याची मजुरी कापू नये आणि आरोग्य खात्याने त्याची नोंद तो जाईल त्या जिल्ह्याला कळवावी.