मैत्री असावी, करारपत्रही असावं

‘भागीदारीत धंदा’ म्हटलं, की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही कपाळाला आठ्या पडतात. त्यातून मुलगा म्हणाला, ‘वर्गमित्रांबरोबर वस्तूंचं डिझाइन करून देणारी कंपनी काढतोय’, तर वडिलांना प्रश्न पडतो, ही मंडळी विकणार तरी काय?

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वाधिक कौतुक केलं ते आपल्या तांब्याचं. तो हातात कसा मावतो, कमरेवर कसा बसतो, पाणी ओतताना कसा तोलतो! पुढं १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वस्तूचा असा विचार करून देणं, हाच तो विकायचा माल.

याच संस्थेत शिकलेल्या अश्विनी देशपांडे, आशिष देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८९ मध्ये पुण्यात ‘एलिफंट डिझाइन’ सुरू केली. उदारीकरणाला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. डिझाइनसाठी वेगळे पैसे मोजायची कारखानदारांना फारशी सवय नव्हती. तरी कंपनी टिकली, वाढली. मुलं आवडीनं पितात त्या ‘पेपर बोट’च्या पाकिटाचं डिझाइन त्यांचंच.

बँकेत आयुष्य गेल्यामुळं मला यात एक वेगळी गोष्ट दिसते. यंत्रमागवाल्याला कर्ज देताना माग तारण घेता येतो, सुताचे गठ्ठे मोजता येतात. डिझाइनच्या कचेरीत मोजायचं काय? चार टेबलं आणि संगणक. खरं भांडवल म्हणजे भागीदारांची डोकी आणि त्यांचा एकमेकांवरचा विश्वास. कॉलेजात रात्र रात्र जागून एकत्र काम केलेल्या मित्रांकडे ते आयतं असतं.

पण कायदा मैत्री ओळखत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळं ठरलं नसेल, तर नफा सारखा वाटला जातो. जास्त राबणाऱ्याला वेगळा मेहनताना मागता येत नाही. पेढीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. २००८ च्या कायद्यानं मर्यादित जबाबदारीची भागीदारी आली, तरी कोण किती काम करणार, कुणी सोडून गेला तर काय, हे आपापसांतच लिहावं लागतं. आणि ते पहिल्या चहाच्या वेळी लिहिलेलं बरं. नफा दिसू लागल्यावर लिहायला बसलं, की पेन जड होतं.

सोलापूरला अशा मुलांची गरज आहे. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण नाव टिकवायला नवी नक्षी लागते. २००० च्या डिझाइन कायद्यान्वये नव्या नक्षीची नोंदणी केली, तर १० वर्षं आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. मागवाले इथं आहेत. नक्षीचा विचार करणारी पोरं मात्र पुण्याची गाडी पकडतात.

तेव्हा घरात असा विषय निघाला, तर नकारघंटा वाजवू नका. सगळ्या मित्रांना जेवायला बोलवा आणि पानं उचलल्यावर विचारा, ‘करारपत्र केलंत का रे?’