पूररेषा कोणाच्या दारातून जाते?

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यातील तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे दगावली. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले. त्याच पावसात तळिये गावावर आणि पोलादपूरच्या साखर-सुतारवाडी, केवनाळे येथे दरडी आल्या. तेव्हा कुठे बांधायचे आणि किती मजले चढवायचे, हा आता एकट्या बिल्डरचा प्रश्न राहिलेला नाही.

सरकारने नदीकाठी दोन रेषा मानल्या आहेत. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नवे बांधकाम नको, आणि दोहोंच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून दीड फूट वर हवे. नियम जीव वाचवणारा आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण खोलगट जागी हे जोते माणसाच्या उंचीएवढे होते. त्या भरावाचे पैसे मोलमजुरी करणाऱ्याने आणायचे कोठून? बिरवाडीची एमआयडीसी आणि मुंबई-गोवा महामार्ग यांमुळे उंचावरच्या जागेला गिऱ्हाईक आहे. ऐपतवाला तिकडे सरकतो. ज्याची ऐपत नाही त्या घरात तीन भावांच्या तीन चुली मांडल्या जातात. वर मजला चढत नाही, बाजूला जागा नाही. गावठाणाबाहेरच्या वाड्यांना तर 'शेती विभाग' म्हणून परवानगीच नाकारतात. वाडी गावठाणाबाहेर कोणी वसवली, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो २० मार्च १९२७ पर्यंत, बाबासाहेब तळ्यावर जाईपर्यंत, दप्तरातच पडून होता. नकाशांचेही तसेच असते.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ नुसार हरकतीला ३० दिवस मिळतात. रविवारच्या वंदनेनंतर नोटीस वाडीत वाचून दाखवावी. नकाशात आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आहे ते पाहावे. भरावासाठी अनुदान किंवा उंचावर पर्यायी जागा, अशी नेमकी मागणी लिहावी. सह्यांत घरातील स्त्रियांची नावे हवीतच, कारण पुराचा चिखल त्याच काढतात. मुंबईच्या चाकरमान्यांचे नाव घरपट्टीला असेल तर त्यांनीही सही पाठवावी. अर्जासोबत घरपट्टीची पावती जोडावी आणि कचेरीतून शिक्क्याची पोच घ्यावी.