शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. घराण्याचा इतिहास शोधायचा असेल, तर मात्र ती पायरी आधी चढा.

आमच्या घरी जाडजूड कुलवृत्तांत आहे. त्यातले सगळे पुरुष कर्तबगार आणि दानशूर. पणजीच्या वाट्याला मात्र ‘यांची पत्नी’ एवढंच. माहेरचं नावसुद्धा नाही. याला इतिहास म्हणत नाहीत, हा लग्नाचा बायोडेटा झाला.

अमेरिकेत बघा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. मालकाचं नाव, त्याखाली गुलामांची वयं, बाई की पुरुष, वर्ण. त्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. म्हणून आज एखादी कृष्णवर्णीय मुलगी खापरपणजी शोधायला लागली, की १८७० च्या जनगणनेपाशी अडते. तिला वाट सापडते ती काउंटी कोर्टात. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी तिथे जायची. घोडा, नांगर, पलंग आणि त्याच रांगेत माणसं, नावानिशी, किमतीसकट. वाचून पोटात ढवळतं, पण नाव मिळतं.

ॲपमध्ये ते नाव टाकून काही येईलच असं नाही. फाईल मेलेल्या मालकाच्या नावावर असते. सर्च रिकामा आला म्हणजे माणूस नव्हता असं नाही. इंडेक्स दुसऱ्याच कॉलमवर आहे.

ही माणसं कोर्टात फक्त यादीत नव्हती. सेंट लुईसच्या कोर्टात स्वातंत्र्यासाठी ३०० हून जास्त दावे दाखल झाले. १८४६ मध्ये ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या नवराबायकोने वेगवेगळे अर्ज केले, सहीच्या जागी फुली मारून. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला. आपण वाचतो तो ड्रेडच्या नावावरचा निकाल. हॅरिएटने स्वतःचा अर्ज केला होता, हे फाईल सांगते.

‘कोर्टात नुसती भांडणं सापडतात, शिवाय भाषा वकिलाची,’ असं कुणी म्हणेल. दोन्ही मान्य. पण कोर्टात निदान दुसरी बाजू असते. कुलवृत्तांतात प्रतिवादीच नसतो.

म्हणून या सुट्टीत आजीला ‘आपलं मूळ गाव कोणतं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘आपल्या घरातून कोर्टात कोण गेलं होतं?’ हेही विचारा. वाटणी, पोटगी, काहीही असो. ती गप्प बसली, तर शोध तिथूनच सुरू करा.