सुट्टी कुणाची?



मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव, लातूर, सोलापूरकडे वेळ अमावस्या असते. बोलीत येळवस. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात स्थानिक सुट्टी जाहीर होते. शाळा, कचेऱ्या बंद आणि सगळं गाव शेतात. गेल्या येळवशीला मी नळदुर्गला बहिणीकडे होते.

पहाटे तीनला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. बहीण आणि तिच्या सासूबाई चुलीपुढे. हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या घातलेली भज्जी रटरटत होती. ताकातली आंबील रात्रीच करून ठेवलेली. आठवीतली भाची बाजरीचे उंडे वळत होती. तिचा अकरावीतला भाऊ अंथरुणात. मी म्हटलं, "अगं, आज सुट्टी. झोपायचं की नाही?"

"मावशी, साळा असती तर सातपतूर झोपले असते की!"

शेतात दाजींनी आदल्या दिवशीच कडब्याची कोप उभी केली होती. आत पाच पांडव मांडले, काळ्या आईची पूजा झाली. मग दाजी वाटेवरच्या अनोळखी माणसांनाही हाका मारून पंगतीला बसवू लागले. या सणाची थोरवी हीच, तिला कोण नावं ठेवील? पण वाढत होत्या तिघीजणी. त्या जेवल्या तीन वाजता. भाची झोक्याजवळ पोचली तेव्हा उन्हं उतरली होती आणि भांडी घासायची राहिली होती.

ही एका घरची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांपासून पुढची माणसं मोजली आहेत. घरकाम करणाऱ्या मुली-बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. घरकाम करणाऱ्या मुलग्या-पुरुषांचा ८८ मिनिटं. सहा वर्षांपासून, हे विसरू नका. आपण त्याला 'आईला हातभार' म्हणतो आणि विषय संपवतो.

हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलग्यांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. पण जिच्या कामाचा घरातच हिशेब नाही, तिचा वाटा उद्या मोजायला कोण बसणार?

म्हणून एक करू या. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातला एक सुट्टीचा दिवस कागदावर मांडावा. कोण किती वाजता उठलं, कोण काय करत होतं, कोण कधी जेवलं. लिहिता न येणारीचं शेजारणीने लिहावं. तो कागद घरी सगळ्यांपुढे वाचावा.

मी तो बहिणीकडे वाचला. दाजी गप्प झाले. पुढच्या येळवशीला उंडे भाचा वळणार असं ठरलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "पोराचं उंडं वाकडं हुतील बग."

होऊ देत की. भज्जीत कुस्करल्यावर वाकडं-सरळ कुणाला कळतंय?