आंतरजालातील मुशाफिरी

दिवेलागणीनंतर आमच्या घरची सर्व मंडळी माजघरात जमतात, आणि थोरल्या नातीच्या हातातील मोबाईलही त्या बैठकीत आपले आसन मांडून बसतो. त्या यंत्राविषयी आमचे मत फारसे अनुकूल नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यापासून आम्हांसही त्याचा नाद लागला आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आरंभ मोल्सवर्थसाहेबांपासून झाला. त्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर सर्वांस खुली करून ठेविली आहे. पूर्वी हा ग्रंथ चाळावयाचा म्हणजे ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे. आता चार अक्षरे उमटविली की शब्द पुढे उभा! एका शब्दासाठी आत शिरावे, तो शेजारचे पाच शब्द बोट धरून ओढून नेतात, आणि इकडे चहा निवून जातो.

पुढे नातीने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ साली निघालेला सोलापूर जिल्ह्याचा खंड काढून दिला. त्याच भांडारात सर जदुनाथ सरकारांचा औरंगजेबाचा इतिहासही सापडला. आपल्या अकलूजचा शोध घेत आम्ही १६८९ सालापर्यंत मागे गेलो. बादशहाची छावणी त्या वेळी येथे होती. संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेल्याची वार्ता त्यास येथेच पोचली, आणि आनंदाच्या भरात त्याने आपल्या गावाचे नाव असदनगर ठेविले. बादशहाने ते शुभ म्हणूनच ठेविले असणार. परंतु संस्कृताच्या कानाला त्यात 'असत्'च ऐकू येते, आणि संधीचा नियम लाविला तर 'असन्नगर' होते! हा विनोद आम्ही मोठ्याने सांगितला खरा, पण कोणी हसले नाही. "आजोबा, ती बातमी इथे, आपल्या नीरेकाठी आली?" एवढेच नातीने विचारले. तो किल्ला आम्ही जन्मभर पाहत आलो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून जाताना मात्र पाऊल आपोआप मंदावले.

आता थोडे आमच्या फजितीविषयी. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा होय, असे अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने जाहीर केले आहे, हे वाक्य आम्ही एका शाळेच्या पारितोषिक-समारंभात वर्षानुवर्षे सांगत आलो. टाळ्याही चांगल्या पडत. नातीने एके सायंकाळी सहज विचारले, "हे कुठे लिहिलंय, आजोबा?" आम्ही म्हणालो, "शोध!" तिने शोधले.

मूळ सापडले ते असे. नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज नामक संशोधकाने १९८५ साली 'एआय मॅगझिन' या नियतकालिकात एक लेख लिहिला. संगणकास वाक्याचा अर्थ कळावा म्हणून आजचे शास्त्रज्ञ जी मांडणी करितात, तिचे आपल्या वैयाकरणांच्या शाब्दबोधाशी विलक्षण साम्य आहे, असा त्याचा आशय. क्रिया मध्यभागी ठेवून कर्ता, कर्म, करण इत्यादी कारके तिच्याभोवती कशी जोडिली जातात, हे त्याने उलगडून दाखविले आहे. देवदत्तासाठी भात शिजविणारा आपला जुना परिचित मैत्र अमेरिकेतील त्या पानांवर चुलीपाशी बसलेला पाहून आमचे डोळे पाणावले. नासाने संस्कृतची निवड केल्याचे मात्र त्यात एक अक्षरही नाही. तो ठराव कोणा उत्साही मंडळींनी मागाहून रचिला, आणि आम्ही त्याची पालखी वाहिली.

रात्री झोप लागेना. ज्या मुलांस आम्ही 'मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून बोलू नये' असे शिकविले, त्यांच्याच पुढे आम्ही न पाहता बोलत होतो. वास्तविक खरी हकीकत खोटीहून किती सरस! नागेशभट्टाचे नाव घ्यावयाची एवढी उत्तम संधी असता आम्ही नासाचे घेतले.

या वर्षीच्या समारंभाचे निमंत्रण आले आहे. मागील विधान चुकीचे होते, ते दुरुस्त करावयास आम्हांस पाच मिनिटे अधिक द्यावीत, असे पत्र आम्ही मुख्याध्यापकांस लिहिले, आणि घरात सर्वांस वाचून दाखविले. नातीने एक शुद्धलेखनाची चूक काढली. आमच्या कुटुंबाने विचारले, "आणि इतकी वर्षं घेतलेल्या टाळ्या? त्या कशा परत करणार?"

पत्र आज सकाळी टपालात टाकिले.